दुसरा आकडा

१

दुर्गाबाई मोरीत पडून गेल्या, त्या सकाळी रुग्णालयाच्या संगणकात त्यांची तब्येत उत्तम होती. नावापुढे हिरवा ठिपका होता आणि तो अजून तसाच होता.

डॉक्टर आशुतोषनं मोबाइलवर तो ठिपका मावशीला दाखवला. "बघ. आम्ही खूश होतो. म्हातारीचं ब्लडप्रेशर एकदाचं खाली आलं म्हणून."

"इतकं खाली आलं की म्हातारीही खाली आली," विद्युल्लताबाई म्हणाल्या. भाच्याचा चेहरा पाहून त्यांना आपल्या जिभेचा राग आला, पण शब्द गेला तो गेलाच.

विद्युल्लताबाई बेळगावात शहापूरला एकट्या राहत. विमा कंपनीत दावे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. दुकान जळालं की जाळलं, हे त्या मालकानं पुढे केलेल्या चहावरून ओळखतात, असं सहकारी म्हणायचे. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही आणि बोलायला कोणी नाही. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा त्या मोठ्यानं मोजत, घरात कुणाचा तरी आवाज व्हावा म्हणून.

आशुतोषची योजना त्यांना माहीत होती. गरीब पेशंटला रुग्णालय ब्लडप्रेशरचं यंत्र आणि साधा मोबाइल द्यायचं. घरी दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. आकडा आपोआप रुग्णालयातल्या त्या माणसाच्या नोंदीत जाऊन बसायचा. आकडा फार चढला की ठिपका लाल व्हायचा आणि नीलम सिस्टर फोन करायची. गोळ्या घरपोच, फुकट.

"तिचा आकडा सतत चढा असायचा," आशुतोष सांगू लागला. "मी गोळ्या वाढवल्या, पुन्हा वाढवल्या. फरक नाही. शेवटी नीलमनं बेंगळुरूला मुलाला फोन केला की आई गोळ्या चुकवते, कुणीतरी समोर बसून द्या. सून आली आणि पंधरवड्यात म्हातारी गेली. प्रेशर एकदम उतरलं होतं. आता पुतण्या नागराजनं पोलिसांत दिलंय की सुनेनं गोळ्या चारून मारलं."

"तू काय म्हणतोस?"

"तिनं माझ्याच चिठ्ठीप्रमाणे दिल्या. म्हणजे मी मारलं?"

विद्युल्लताबाई आकड्यांवर बोट फिरवत होत्या. संध्याकाळी दोन आकडे, एकामागोमाग. पहिला बरा, दुसरा चढा. महिनोन्महिने तसंच.

"आशू, माणूस दुसऱ्यांदा मोजताना जरा शांत झालेलं असतं ना?"

"हो. म्हणूनच दोनदा मोजायला सांगतो. दुसरा आकडा सहसा उतरतो."

"मग हिचा दुसरा आकडा दरवेळी चढतो कसा?"

आशुतोषनं मोबाइल हातात घेतला. जास्तीचा आकडा धरला की धोका कमी, एवढाच विचार त्यानं केला होता.

२

निपाणीत उतरलं की तंबाखूचा वास पाहुण्याच्या आधी नाकात घर करतो. विद्युल्लताबाई शिंकतच दुर्गाबाईंच्या गल्लीत शिरल्या. दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. अनोळखी बाई दिसताच गल्लीतलं बोलणं थांबलं, हात तेवढे चालू राहिले.

सून मनिषा घरात एकटीच होती. नवरा श्रीनाथ दिवस घालून कामावर परत गेला होता. पोलिसांचं आटपेपर्यंत तिला इथून हलता येत नव्हतं. शेजारीण तिच्याकडून विरजणसुद्धा नेत नव्हती.

"मी काय चुकले ते तरी सांगा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच दिलं. सासूबाई गोळ्या गालात धरून ठेवायच्या, पदरात थुंकायच्या. म्हणून मी तोंड उघडून दाखवा म्हणायचे. लहान मुलाला म्हणतात तसं." तिचा आवाज चिरकला.

"त्या गरगरतं म्हणायच्या?"

"म्हणायच्या. सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, आकडा छान येतोय, सवय होईल."

"तुम्ही यायच्या आधी इथं कोण यायचं?"

"कोणी नाही. ह्यांना सारखी काळजी होती, आई एकटी असते म्हणून. मी आल्यावर एक बाई आली होती दारात, दोनदा. विडीचं काहीतरी म्हणत होती. आई झोपल्यात सांगून परत पाठवली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती ना."

विद्युल्लताबाईंनी घर पाहिलं. फळीवर यंत्राचं रिकामं खोकं होतं, यंत्र पोलिसांनी नेलं होतं. कोपऱ्यात सूप, त्यात कापलेली पानं, दोऱ्याचं रीळ, थोडी उरलेली तंबाखू.

"सासूबाई अजून विड्या वळायच्या?"

"छे हो. बोटं पार वाकडी झाली होती. वेणीसुद्धा घालता यायची नाही. पण विडी कामगाराचं कार्ड चालू ठेवलं होतं. बंद केलं तर फंड जातो, पेन्शन अडते म्हणायच्या. ते सूप कुणाचं, मला ठाऊक नाही."

शेजारच्या मनुबाईंनी मान वर केली नाही. "दुर्गाक्काकडं कोन येत न्हवतं. लई एकटी हुती बगा," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांच्या हातातली विडी सैल झाली आणि त्यांनी ती मुकाट्यानं उलगडून पुन्हा वळली.

वाटेत नागराज भेटला. उंची शर्ट, ओठांवर चुलतीचं नाव, नजर घराच्या कौलांवर. "काकूला गोळी घालून मारली म्हना की, फकस्त ती बंदुकीची न्हवती," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं चार ठिकाणी सांगून झालं असावं, इतकं ते गुळगुळीत होतं.

"तुम्ही शेवटचं कधी भेटला होता काकूंना?"

नागराजला ते आठवेना. भावकीतल्या एका लग्नाचं नाव घेऊन तो निघून गेला.

३

दुसऱ्या दिवशी विद्युल्लताबाईंनी कपाटावरचं खोकं खाली काढलं. भाच्यानं त्यांनाही तेच यंत्र दिलं होतं, मोबाइलशी जोडूनही दिलं होतं, पण त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आज पट्टा दंडावर चढवायला बसल्या.

पट्टा एका बाजूनं घट्ट झाला की दुसरीकडून निसटायचा. दातात टोक धरलं, कोपर भिंतीला टेकवलं, तरी तो कोपरापर्यंत घसरला. शेवटी कसाबसा बसला. बटण दाबून त्या स्वस्थ बसल्या. एकटीच्या घरात अशा गोष्टी पदोपदी भेटतात. पाठीला मलम लावता येत नाही, चादरीची घडी जमत नाही, बरणीचं झाकण फिरत नाही. कुणाला सांगणार, आणि सांगून तरी काय.

मग त्या दचकून उठल्या. पट्टा सुटून खाली पडला.

दहा धड बोटांच्या बाईला जे मुश्किलीनं जमलं, ते दुर्गाबाईंनी वाकड्या बोटांनी रोज संध्याकाळी कसं केलं? पट्टा बांधायला दुसरा हात हवाच. म्हणजे त्या घरात रोज कोणीतरी येत होतं. आणि सगळी गल्ली त्या माणसाचं नाव लपवत होती.

त्यांनी नीलमला फोन लावला. "सिस्टर, आकड्यांखेरीज पेशंटला आणखी काही पाठवता येतं का?"

"येतं ना. आज कसं वाटतंय, ते बोलून पाठवता येतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी सरांनी ठेवलंय."

"ते कोण ऐकतं?"

नीलम घुटमळली. "एवढे पेशंट आहेत, बाई. मी लाल ठिपके बघते. आवाज साठत राहतात."

"दुर्गाबाईंचा आहे?"

बराच वेळ नुसती बोटांची टकटक ऐकू आली. मग टकटक थांबली. "आहे. जायच्या आदल्या दिवशीचा. कुणी उघडलेला नाही."

तिनं तो फोनजवळ धरून लावला. थकलेला, जपून बोलणारा आवाज होता, शेजारच्या खोलीत कोणी जागं होऊ नये असा.

"डाक्टर, दुर्गा बोलतिया, निपाणीची. गरगरतंय मला. गोळी लई हुतीया. आन् तिला एकबी मिळंना. तुमी सुनंला सांगा, दार उघड म्हनावं तिला."

नीलम रडत होती. विद्युल्लताबाईंनी तिला रडू दिलं. त्यांना एकच दिसत होतं. दुर्गाबाईंसाठी आता घाई करून उपयोग नव्हता. पण दुसरा आकडा जिचा होता, ती बाई अजून कुठंतरी गोळीवाचून बसली होती.

४

"तपास गेल्या माणसाचा राहिला नाही, जित्या माणसाचा झालाय," निपाणीच्या रस्त्याला आशुतोषच्या गाडीत विद्युल्लताबाई म्हणाल्या. यंत्राचं खोकं त्यांच्या मांडीवर होतं. "पहिला आकडा दुर्गाबाईंचा, दुसरा तिचा. तिच्या आकड्यावर तू गोळ्या वाढवल्यास, आणि वाढलेल्या गोळ्या ती घेत होती. म्हणून इतके महिने दुर्गाबाईंना काही झालं नाही. सून आली, दार बंद झालं, समोर बसून दोघींच्या गोळ्या एकीच्या पोटात जायला लागल्या."

"म्हणून दुसरा चढा आकडाही थांबला आणि आम्हाला वाटलं गुण आला," आशुतोष म्हणाला. "आकडा किती खाली जातोय ते बघायची सोयच मी केली नव्हती. लाल फक्त वर गेल्यावर." गाडीचा वेग त्यानं न सांगता वाढवला. "पण ती बाई स्वतः का आली नाही आमच्याकडं?"

"ते तिलाच विचारू. आधी सापडू दे."

"गल्लीत विचारायचं?"

"गल्ली बोलणार नाही. विड्या बोलतील. दुर्गाबाईंची बोटं वाकडी, पण कार्ड चालू. घरात सूप, त्यात तंबाखू. मग त्यांच्या नावावर विड्या कोण वळत होतं?"

विडी कारखान्याच्या गाळ्यात बायका भरलेल्या टोपल्या घेऊन रांगेत होत्या. रवळू नावाचा माणूस विड्या चाचपत होता, सैल निघाली की छाट म्हणून बाजूला फेकत होता. विद्युल्लताबाईंनी दुर्गाबाईंच्या कार्डाचं विचारलं.

"चालू हाय की," तो हातातलं काम न थांबवता म्हणाला. "परवाच आल्यात त्यांच्या विड्या. लई नीट काम, एक छाट निघत न्हाय."

"परवा?" विद्युल्लताबाई म्हणाल्या. "दुर्गाबाई तर त्याच्या आधीच गेल्या."

रांगेतल्या बायकांच्या टोपल्या जागच्या जागी थांबल्या. रवळूच्या हातातली विडी खाली पडली.

५

"मी कंपनीची नाही आणि सरकारचीही नाही," विद्युल्लताबाई रांगेकडं वळून म्हणाल्या. "तिचं कार्ड कुणी काढून घ्यायचं नाही. पण तिची गोळी बंद आहे. आज तिला कुणी पाहिलंय?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मग रांगेच्या शेवटून मनुबाई पुढं आल्या.

"जयाक्का," त्या म्हणाल्या. "तिचं रेशनकार्ड तिकडं कागलकडं हुतं, महाराष्ट्रात. नवऱ्यानं टाकली, तिकडं नाव कापलं, हिकडं लागलं न्हाय. रेशनकार्ड न्हाय म्हंजे विडीचं कार्डबी न्हाय, म्हणून दुर्गाक्काच्या कार्डावर वळायची. हितं कितीजणी तशाच हाईत, बाई. एकीचं कार्ड, दुसरीचे हात. बाहेर कळलं तर दोघींचंबी जातंय. म्हणून गप बसलो."

"आणि ब्लडप्रेशर?"

"ते बी तसंच की. यंत्र दुर्गाक्काच्या नावाचं आलं. तुमच्या योजनेत कर्नाटकाचं रेशनकार्ड लागतंय. मग दुर्गाक्का म्हनाली, विड्या माज्या कार्डावर, तर दुखणंबी माज्याच कार्डावर घाल. डाक्टर काय, आकडा बघून गोळी देतोय. गोळी काय नाव इचारती व्हय?"

आशुतोषनं कपाळाला हात लावला. योजनेची ती अट त्यानंच मान्य केली होती, देणगीदारांची होती म्हणून.

"आज जयाक्काचा तंबाखू न्यायचा दिस," रवळू हळू आवाजात म्हणाला. "ती चुकवत न्हाय कदी. आज आल्याली न्हाय."

मनुबाईंनी नेलं तिथं, तंबाखूच्या वखारीमागं, पत्र्याची एक खोली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. जयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोकं दोन्ही हातांत धरून. मांडीवर सूप होतं आणि सुपात अर्धी वळलेली विडी.

"कोन हाय? उजेड नगं," त्या म्हणाल्या. "डोळ्याफुडं दोन-दोन दिसतंय."

दुर्गाबाईंचं यंत्र पोलिसांनी नेलं होतं. आशुतोषनं मावशीच्या खोक्यातला पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. यंत्र घरघरलं. वरचा आकडा दोनशेच्या पुढं जाऊन थांबला. आशुतोष लगेच गोळी काढू लागला.

तेवढ्यात विद्युल्लताबाईंचा फोन वाजला. पलीकडं नीलम होती, धापा टाकत.

"बाई, तुम्ही बसलात की उभ्या आहात? बसा आधी. तुमचा आकडा भयंकर आलाय. डोकं दुखतंय का? घरी कोण आहे तुमच्याजवळ?"

विद्युल्लताबाईंनी यंत्राकडं पाहिलं. यंत्र त्यांच्या नावाचं, म्हणून आकडाही त्यांच्या नावावर जाऊन बसला होता. दुर्गाबाईंच्या घरी रोज घडत होतं ते नेमकं असंच. पण त्यांच्या मनात राहिला तो नीलमचा शेवटचा प्रश्न. घरी कोण आहे तुमच्याजवळ, असं त्यांना कित्येक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

"हा माझा हात नाही, सिस्टर," त्या म्हणाल्या. "खाट तयार ठेवा. आम्ही येतोय."

६

जयाबाईंची नजर दोन दिवसांनी निवळली. रुग्णालयाच्या त्या खोलीत मनिषा होती, आशुतोष आणि नीलम होते, आणि दाराशी नागराज उभा होता. विद्युल्लताबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. नागराजनं तक्रार मागं घ्यायचं कबूल केलं. कौलांचा नाद मात्र त्यानं सोडला असेल, याची खात्री कोणी दिली नसती.

"दुर्गाक्कानं सांगितलं का नाही मला?" मनिषानं विचारलं. सासूचा उल्लेख ती पहिल्यांदाच त्या नावानं करत होती. "एक शब्द बोलल्या असत्या."

"तुमाला सांगितलं की मुलाला कळलं," जयाबाई म्हणाल्या. "मुलाला कळलं की कार्ड बंद कर म्हनला असता, आई आता कशाला ह्या भानगडी. मग मी कुटं जाऊ? त्येच्यापायी गिळत बसली ती, खुळी." त्या छताकडं पाहत राहिल्या. "दोन डाव मी दारात आल्ते. दुसऱ्या डावाला आत खोकला ऐकला तिचा. जागी हुती."

मनिषा उठून खिडकीशी गेली. विद्युल्लताबाई तिच्यामागं गेल्या. "तुम्ही मारलं नाही," त्या म्हणाल्या. "पण दार लावलंत. ते आम्ही सगळ्यांनीच लावलं होतं. आशूनं अट घालून, नीलमनं आवाज न ऐकून." गोड बोलणं त्यांना जमत नसे, आणि खोटं गोड तर मुळीच नाही. मनिषानं मान हलवली आणि बऱ्याच वेळानं येऊन जयाबाईंच्या पायांवरची चादर नीट केली.

अट त्या दिवसापासून गेली. देणगीदारांशी मी भांडेन, आशुतोष म्हणाला. नीलम नवीन नोंद उघडून बसली. आता ती रोज सकाळी आधी साठलेले आवाज ऐकायची आणि मग ठिपके बघायची.

"नाव सांगा, आक्का."

"दुर्गाबाईच घाला की," जयाबाई म्हणाल्या. "त्येच नावावर काम केलं, त्येच नावावर गोळी खाल्ली. मोकळं पडलंय आता ते. मला सवय हाय."

नीलमनं विद्युल्लताबाईंकडं पाहिलं.

"ते त्यांचं होतं," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "तुमचं सांगा."

"जया." मग थांबून, "आडनाव कुटलं सांगू? म्हायेरचं इसरलं, सासरचं कापलं."

"नुसतं जयाबाई लिही, नीलम."

विद्युल्लताबाईंनी आपलं यंत्र जयाबाईंना देऊन टाकलं होतं. नीलमनं ते नव्या नोंदीला जोडलं, पट्टा बांधला, बटण दाबलं. आकडा आला, अजून चढाच, पण माणसात आलेला. नीलमनं मोबाइल समोर धरला.

"ह्येच्यात माजं नाव कुटलं?"

विद्युल्लताबाईंनी त्यांचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. तंबाखूनं काळवंडलेलं ते बोट जयाबाईंनी बराच वेळ तिथून काढलं नाही. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"म्हंजे ह्यो आकडा आता माजाच," त्या म्हणाल्या. "आन् तुमचा? यंत्र तुमचं न्हवं? तुमचं कोन बांधतंय?"

"मी एकटीच असते."

"मग कुटलं बांधायला येतंय." जयाबाईंनी स्वतःच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि तो उलगडून धरला. "आना हात हिकडं."

"आता यंत्र तुमच्या नावावर आहे," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "माझा आकडा तुमच्या कार्डावर जाईल."

"जाऊ द्या की," जयाबाई म्हणाल्या. "पयल्यांदाच हाय माज्याकडं कार्ड."

आशुतोषनं तोंड उघडलं आणि मिटलं. विद्युल्लताबाईंनी बाही वर सारली आणि हात पुढं केला.